गावात अखंड हरिनाम सप्ताह उभा करायचा तर

सप्ताह म्हटला की लोकांना कीर्तनकाराचं नाव आणि काल्याच्या, म्हणजे समारोपाच्या, दिवशीचं जेवण आठवतं. सप्ताह तरतो किंवा बुडतो तो मात्र पहाऱ्याच्या, म्हणजे आळीपाळीने वीणा घेऊन नाम चालू ठेवण्याच्या पाळ्यांच्या, यादीवर. सात दिवस, सात रात्री, म्हणजे १६८ तास वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही आणि नाम थांबू द्यायचं नाही, एवढीच मूळ अट. मंडप, पत्रिका, कमान, फ्लेक्स हे सगळं नंतर आलं. रात्री दोन वाजता वीणा कोणाच्या गळ्यात असणार, हे लिहिताना गाव नकळत ठरवून टाकतं की आपल्यात कोण धरायचा आणि कोण सोडायचा. म्हणून इथे पहाऱ्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

तारीख आणि पहिली बैठक

बहुतेक गावांत तिथी ठरलेली असते: रामनवमी, हनुमान जयंती, गोकुळाष्टमी, तुकाराम बीज किंवा ग्रामदैवताचा दिवस. काला त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येईल असा आठ दिवस मागून हिशेब धरतात. तिथी नव्याने निवडायची असेल तर दोन गोष्टी पाहा. माघ-फाल्गुनात खरिपाची सुगी उरकलेली असते, हवा चांगली असते, पण दहावी-बारावीच्या परीक्षा तेव्हाच असतात. चैत्रात माणसं मोकळी असतात, पण विहिरी आटलेल्या असतात आणि दुपारच्या पंगतीला टँकर सांगावा लागतो. श्रावणात देवळात गर्दी आपोआप होते. मात्र मंडपात चिखल होतो आणि लाकडं ओली निघतात.

बैठक किमान दोन महिने आधी घ्या आणि वाडीवस्तीसकट सगळ्यांना पुकारून बोलवा. चार जाणत्यांनी पारावर ठरवून बाकीच्यांना नुसतं कळवायचं, ही पद्धत पहिल्या वर्षी चालते. तिसऱ्या वर्षी गावात दुसरा सप्ताह उभा राहतो. अकरा जणांची समिती पुरे. अध्यक्ष आणि खजिनदार एकाच भावकीतले नकोत. कामं नावानिशी लिहा: पहारा, पारायण, भोजन, पाणी आणि स्वच्छता, मंडप आणि वीज, पाहुण्यांची उतरण्याची सोय. दरवर्षी निम्मी माणसं बदला.

गावात आधीच दोन गटांचे दोन सप्ताह असतील तर ते एकत्र करण्याच्या भरीस एकदम पडू नका. पहिल्या वर्षी फक्त एकमेकांच्या रात्रीचा एकेक पहारा घ्या. पंगत आणि मानपान यावर भांडणं होतात. पहाटे तीनच्या पहाऱ्यावर कोणी हक्क सांगायला येत नाही, त्यामुळे समेटाला तीच जागा सोपी पडते.

अगदी नवी सुरुवात असेल आणि माणसं कमी असतील, तर सात दिवसांचा हट्ट धरू नये. आठ प्रहरांचं, म्हणजे २४ तासांचं अखंड नाम करून पाहावं. गोव्यात वास्कोचा दामोदर सप्ताह नावाने सप्ताह असला तरी अखंड भजन २४ तासांचंच असतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या रोगानंतर तो सुरू झाला आणि तिथल्या वेगवेगळ्या व्यावसायिकांचे व समाजांचे पार, म्हणजे भजनाचे ताफे, रात्री मिरवत येतात. शहरातल्या वसाहतींनी तो नमुना घ्यावा.

पहारा

परंपरेने पहारा तीन तासांचा. सात दिवसांचे ५६ पहारे होतात. एका पहाऱ्याला एक विणेकरी आणि किमान चार टाळकरी धरले तर पाच माणसं, म्हणजे ५६ गुणिले ५, एकूण २८० जागा. गावात एवढी माणसं उभी राहणार नसतील तर प्रत्येकाला आठवड्यातून दोन पहारे द्या, पण त्यातला एकच रात्रीचा. तीन तास सलग वीणा घेऊन उभं राहणं नवख्याला झेपत नाही. म्हणून पहारा तीन तासांचा ठेवून त्यात विणेकरी दर तासाला बदलावा. शहरात दोन तासांचा पहारा बरा. मग ८४ पहारे होतात.

यादी करताना नेहमी उलटी सुरुवात करा. आधी रात्री बारा ते तीन आणि पहाटे तीन ते सहा हे चौदा पहारे भरा, मग दिवसाचे. दिवसाचे पहारे आधी वाटले की रात्रीला कोणी उरत नाही आणि ते ओझं देवळाशेजारच्या दोन म्हाताऱ्यांवर पडतं. प्रत्येक रात्रीला तीन राखीव नावं ठेवा, तीही देवळापासून पाच मिनिटांच्या आत राहणाऱ्यांची. पहारा बदलण्याच्या अर्धा तास आधी चोपदाराने जाऊन उठवायचं. फोनवरच्या ग्रुपात यादी टाकली म्हणजे निरोप पोचला असं धरू नये. तीनच्या पहाऱ्याला फोन बंदच असतो.

वीणा देण्याघेण्याची रीत लहानसहान नाही. नवा विणेकरी हातपाय धुऊन, टोपी घालून येतो आणि ज्याच्या गळ्यात वीणा आहे त्याच्या पाया पडतो. मग वीणा आपल्या गळ्यात घेतो आणि आता जुना त्याच्या पाया पडतो. वय, नातं, जात, हुद्दा काही मध्ये येत नाही. बाप लेकाच्या पाया पडतो, सरपंच सालगड्याच्या. संतांनी समतेबद्दल जे सांगितलं ते या एका रिवाजात रोज किमान आठ वेळा घडतं, म्हणून घाईत नुसती वीणा हातात कोंबून निघून जाऊ देऊ नये. देताना नाम सुरूच राहतं. टाळकरी आधी बदलायचे नाहीत, वीणा स्थिरावल्यावर बदलायचे.

वीणा दोन ठेवा. तार मध्येच तुटते आणि वीणा खाली ठेवता येत नाही. दुसरी आधी गळ्यात गेली की मगच पहिलीची तार बदलायची. संध्याकाळच्या कीर्तनातही दुसरी लागते.

आता वाटणीचं. बहुतेक गावांत यादी आडनावांवरून किंवा आळीवरून होते आणि मग नकळत असं दिसतं की सकाळचे, कीर्तनाच्या वेळचे पहारे वरच्या आळीकडे आणि भर दुपारचे बारा ते तीनचे कुठल्या तरी कडेच्या वस्तीकडे. कडेच्या वस्तीला बऱ्याचदा पहारा नसतोच, झाडलोट असते. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे. देवळाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. नामाला जात नाही हे म्हणणारा संप्रदाय आणि दार अडवणारा समाज एकाच वेळी एकाच गावात नांदत होते, अजून नांदतात. उपाय सोपा आहे: सगळ्या नावांच्या चिठ्ठ्या करा, लहान मुलाकडून उचलवा आणि एका पहाऱ्यात एका घरची दोनच माणसं राहतील एवढं पाहा. कुरकुर होते, पहिल्या वर्षी जरा जास्त होते.

आणि एक. गावातल्या बौद्ध कुटुंबांना सप्ताहात यायचं नसेल तर ती त्यांची विचारपूर्वक घेतलेली भूमिका आहे. १९५६ नंतर ती बदललेली नाही. त्यांना विचारावं, पण न विचारता यादीत नाव घालू नये, वर्गणीची पावती फाडू नये आणि त्यावरून टोमणे मारू नयेत. मुस्लिम कुटुंबं अनेक गावांत एखादी पंगत देतात किंवा वाढपाला उभी राहतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्याच संतमांदियाळीतले. ते होत असेल तर सहज होऊ द्यावं, वर्तमानपत्रात फोटो छापण्यासाठी करवून घेऊ नये. मशीद जवळ असेल तर सूर्यास्ताची अजान हरिपाठाच्या वेळेवर येते. तेवढी पाच मिनिटं ध्वनिक्षेपक बंद ठेवून हरिपाठ तोंडाने म्हणावा.

बायकांचे पहारे स्वतंत्र ठेवायचे की मिसळून, हे गावातल्या बायकांना विचारून ठरवा. पारायणाला निम्म्याहून जास्त बायकाच बसतात, तरी वीणेच्या यादीत त्यांचं नाव नसतं, हे बऱ्याच गावांचं चित्र आहे. रात्रीच्या पहाऱ्यासाठी देवळापासून वस्तीपर्यंत दिवे लावणं आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह देणं या दोन गोष्टी केल्या की नावं आपसूक येतात. पाळीबद्दल कोणी कोणाला विचारू नये. जिला वाटेल ती येईल, वाटेल ती येणार नाही.

दिवसाचा क्रम

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. आपला दिवस त्यात आहे असं गृहीत धरू नये. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. त्यामुळे जुन्या पत्रिकांतली नऊ ते अकराची कीर्तनाची वेळ आता सोडावी. हा क्रम बसतो:

पहाटे ४.३० ते ६ काकडा, ध्वनिक्षेपकाशिवाय
६.१५ ते ७ विष्णुसहस्रनाम
७.१५ ते ११.१५ ज्ञानेश्वरी पारायण
११.३० ते १ भोजन
२ ते ४ गाथा भजन
४.३० ते ५.३० प्रवचन
६ ते ७ हरिपाठ
७.३० ते ९.३० कीर्तन, मग पंगत
१०.३० पासून जागर, ध्वनिक्षेपकाशिवाय

काकडा आणि जागर विनामाईक होणार म्हटल्यावर काही मंडळी नाराज होतात. वास्तविक चार टाळ आणि एक पखवाज देवळात पुरतात. घरी झोपलेल्या आजारी माणसावर आणि अभ्यास करणाऱ्या मुलावर नाम लादून काय मिळवायचं, हा प्रश्न बैठकीतच विचारून टाकावा.

पारायण: अठरा अध्याय सात दिवसांत

ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार, म्हणजे रोज साधारण १,३०० वाचायच्या. समूहाने, स्पष्ट उच्चार करत, मिनिटाला सहा ओव्या होतात. १,३०० ओव्यांना साडेतीन तासांहून थोडं जास्त लागतं. अध्याय मोजून वाटणी केली, रोज अडीच-तीन अध्याय, तर फसगत होते, कारण पाचवा अध्याय सुमारे १८० ओव्यांचा आणि अठरावा १,८०० च्या पुढे. शेवटच्या दिवशी मग गाडी पळवतात, शब्द गिळतात. ही वाटणी बरी पडते:

पहिला दिवस: अध्याय १ ते ५ (सुमारे १,३३०)
दुसरा: ६ ते ९ (सुमारे १,५००)
तिसरा: १० ते १२ (सुमारे १,२९०)
चौथा: १३ (सुमारे १,१७०)
पाचवा: १४ ते १६ (सुमारे १,४९०)
सहावा: १७ आणि अठराव्यातल्या पहिल्या ९०० (सुमारे १,३३०)
सातवा: अठराव्यातल्या उरलेल्या ९०० आणि पसायदान

दुसरा आणि पाचवा दिवस लांबतात, तेव्हा सव्वासातऐवजी पावणेसातला बसा. विष्णुसहस्रनाम थोडं आधी घ्या. सातव्या दिवशी वाचन दीड तास लवकर संपतं, त्या वेळात ग्रंथदिंडी निघते.

व्यासपीठ चालवणारा माणूस हा पारायणाचा कणा. त्याने अर्धी ओवी आधी वाचायची, बाकीच्यांनी मागे यायचं. त्याचा वेग नवख्या वाचकाला धरून असावा. ज्यांना पाठ आहे ते कुठल्याही वेगाला चालतात. सगळ्यांच्या हातात एकाच प्रकाशनाची प्रत हवी. वेगवेगळ्या प्रतींत ओव्यांचे क्रमांक एकदोनने सरकतात, पाठभेद असतात, आणि तिसऱ्या रांगेतली बाई कुठल्या ओवीवर आहोत हे शोधत तासभर घालवते. प्रती कमी पडत असतील तर दोघांत एक चालेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मागे बसवू नका, वाचणाऱ्याच्या शेजारी बसवा. दीड तासाने दहा मिनिटं थांबा, गुळपाणी द्या.

आता अर्थाचा प्रश्न. सकाळी लोक १,३०० ओव्या वाचतात, त्यातल्या बऱ्याच कळत नाहीत, आणि नव्या पिढीची पहिली तक्रार हीच असते. या दिवसाची रचना खरं तर त्याच तक्रारीसाठी आहे. सकाळी शब्द कानांवरून जातो, दुपारी प्रवचनात एक-दोन ओव्या उलगडतात, भजनात तोच भाव गायला जातो, संध्याकाळी कीर्तनकार एका अभंगावर वाद, दृष्टान्त आणि उपदेश उभा करतो. एकच गोष्ट चार दारांनी आत येते. हे जुळत नाही ते एकाच कारणाने: प्रवचनकाराला सकाळी काय वाचलं ते कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून निमंत्रण देतानाच त्या दिवसाचे अध्याय लिहून द्या. चौथ्या दिवशी तेराव्यातलं अमानित्व (मानाची हाव नसणं) किंवा अहिंसा, तिसऱ्या दिवशी बारावा, दुसऱ्या दिवशी नववा, असं सुचवा. प्रवचनाची शेवटची पंधरा मिनिटं प्रश्नांना ठेवा. प्रश्न कागदावर घ्या. तोंडी विचारायला सुना आणि पोरं लाजतात. ‘देव आहे तर पीक का जळलं’ असा कागद आला तर तो वगळू नका. प्रवचनकाराला झेपत नसेल तर त्याने तसं म्हणावं. लोक तेवढं समजून घेतात.

ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला आहे किंवा कर्जाने, आजाराने जे घर खचलं आहे, त्या घरी यादी घेऊन आधी जा. सूतक फिटलेलं असेल आणि माणसाची इच्छा असेल तर त्याला रात्रीचा पहारा द्या. दिवसा गर्दीत लोक विचारपूस करून बेजार करतात. रात्री पाच माणसांत नुसतं नाम घेत उभं राहता येतं. हा अनुभव वारकऱ्यांना जुना आहे, त्याचं प्रवचन करायची गरज नाही. मात्र जो माणूस झोप, अन्न सोडून बसला आहे, त्याला नुसत्या पहाऱ्यावर सोडू नये, डॉक्टरकडे न्यावं.

कीर्तन आणि पाकीट

वारकरी कीर्तनाची चाल ठरलेली: नमन, रामकृष्णहरीचा गजर, रूपाचा अभंग, मग चिंतनाला घेतलेला अभंग, मध्ये टाळकऱ्यांच्या चाली, शेवटी मागणं आणि आरती. दोन तासांत हे होतं. मृदंगाचार्य आणि चाली म्हणणारे गायक पक्के असतील तर मध्यम कीर्तनकारही रंगतो; उलट मोठ्या नावामागे बेसूर टाळकरी असले तर कीर्तन पडतं. आळंदीत जोगमहाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून तिथे आणि तिच्यासारख्या संस्थांत शिकलेली मुलं गावोगाव साथीला जातात. त्यातली चार मुलं सातही दिवस गावात राहतील अशी सोय केली तर गावातल्या पोरांना पखवाज आणि चाली शिकता येतात. हा खर्च सगळ्यांत सत्कारणी लागतो.

माईक तीनच: कीर्तनकाराला, पखवाजाला, चाल म्हणणाऱ्यांना. टाळांना माईक दिला की शब्द बुडतात.

पाकिटाचं, म्हणजे कीर्तनकाराच्या मानधनाचं, आधी बोला. काही हजारांत येणारे कीर्तनकार आहेत, तसेच सप्ताहाचं निम्मं बजेट एका रात्रीत नेणारेही आहेत. कीर्तन करावं तिथे अन्नसुद्धा घेऊ नये, असं सांगणारा तुकोबांचा अभंग सगळ्यांना पाठ असतो आणि तो बहुधा पाकीट घेणारेच सांगतात. आकडा, गाडीभाडं आणि सोबतची माणसं किती, हे पत्रिका छापण्याआधी ठरवावं. सातातली दोन कीर्तनं तरी तालुक्यातल्याच माणसांची असू द्या आणि एक कीर्तन बाईचं.

विनोदी कीर्तनाला गर्दी होते, पण सासू-सुनेवरचे आणि मुलींच्या कपड्यांवरचे विनोद दोन तास चालले की पारायणाला बसणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशी गप्प बसलेल्या दिसतात. हे निमंत्रण देताना स्पष्ट सांगायला लाजू नये.

पत्रिकेवर आणि फ्लेक्सवर माणसांचे फोटो नकोत. एक फोटो घातला की दुसऱ्याचा घालावा लागतो, निवडणूक जवळ असेल तर तिसऱ्याचा, आणि ज्याचा राहिला तो वर्गणी परत मागतो. ‘आपले नम्र: समस्त ग्रामस्थ’ एवढं पुरे. सत्कार कीर्तनात घुसवू नका. शेवटच्या दिवशी काला झाल्यावर, जेवणाआधी दहा मिनिटांत सगळे नारळ देऊन टाका.

जेवण

रोजचं अन्नदान घरं वाटून घेतात आणि काल्याचा महाप्रसाद गावाचा. शंभर माणसांना साधारण लागतं ते असं.

चपाती-भाजी-वरण-भात असेल तर कणीक १४ किलो (माणशी चार चपात्या), तांदूळ ७ किलो, तूरडाळ ४ किलो. बुंदी द्यायची तर बेसन अडीच किलो, साखर ४ किलो. आमटी-भाकरी असेल तर भाकरी २५० ते ३००, आमटी माणशी ४०० मिलिलिटर म्हणजे ४० लिटर, त्याला डाळ ४ किलो. पाणी प्यायला माणशी दीड लिटर, हातपाय आणि भांडी धरून चार ते पाच.

घरोघरच्या भाकरी गोळा करण्याची पद्धत मोडू नये. गोदाकाठी सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात गावोगावहून भाकरी येतात आणि आमटी जागेवर होते. त्यात सोय आहेच, शिवाय सगळ्या चुलींच्या भाकरी एका ढिगात पडतात आणि कोणाची कोणती हे उरत नाही. चूक होते ती प्लास्टिकच्या पिशवीत: गरम भाकरी घाम धरते आणि तीन तासांत चिकट होते. कापडात गुंडाळून, बांबूच्या पाटीत आणायला सांगा.

सप्ताहात एकादशी येत असेल तर भगरीबद्दल कडक राहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सप्ताहातल्या भगर-आमटीने शेकडो माणसांना विषबाधा झाली. रुग्णांना रस्त्यावर झोपवून, दोरीला बाटल्या टांगून सलाईन द्यावी लागली. दमट जागी राहिलेल्या भगरीवर बुरशी धरते, तिचं विष शिजवूनही भरवशाने जात नाही, आणि दळलेल्या पिठात ते दिसतही नाही. सुटी भगर आणि तयार पीठ घेऊ नका. तारीख छापलेलं बंद पाकीट घ्या, निवडा, धुवा, लागेल तेवढीच शिजवा आणि दोन तासांच्या आत वाढा. शेंगदाण्याची आमटीसुद्धा सकाळची संध्याकाळी नको. शंका असेल तर केळी, राजगिरा लाडू आणि दूध द्या, उपास तेवढ्यावर उत्तम होतो. मोठ्या महाप्रसादासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करा. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना झाकून थंड जागी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. काही झालं तर डॉक्टरांना तो लागतो.

पंगतीचं गणित आधी करा. १,५०० माणसं, एका वेळी ३००, म्हणजे पाच पंगती. अर्धा तास जेवण आणि दहा मिनिटं झाडलोट धरली तर तीन तास वीस मिनिटं. सव्वाबाराला सुरू केलं तर शेवटची पंगत साडेतीनच्या सुमारास उठते. म्हणून म्हातारे, लेकुरवाळ्या आणि दूरच्या वस्तीचे लोक पहिल्या पंगतीला. समिती आणि पाहुणे पुढारी शेवटच्या. हा नियम लेखी ठेवा, नाहीतर पहिली पंगत पांढऱ्या कपड्यांची होते. वाढपी ३०० ला किमान वीस. बसायची जागा कोणी कोणासाठी धरायची नाही, रांग जशी येईल तशी बसेल. थर्माकोलच्या ताटांवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे. पानाच्या पत्रावळी घ्या किंवा स्टीलची ताटं भाड्याने आणा.

काला

आठव्या दिवशी सकाळी दहा ते बारा काल्याचं कीर्तन. कृष्ण आणि गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र करून खाल्ल्या, तो प्रसंग. लाह्या, पोहे, दही, लोणचं, भिजवलेली डाळ एकत्र कालवतात, हंडी फुटते आणि लोक एकमेकांच्या मुखात घास घालतात. ज्या काळात शेजारच्या जातीचं पाणी चालत नव्हतं त्या काळात हे सुरू होतं, यावरून त्याचं वजन लक्षात यावं. हल्ली काला द्रोणांत भरून, वर कागद लावून वाटतात. स्वच्छतेचं कारण सांगतात. त्यापेक्षा मंडपाच्या तोंडाशी साबण आणि नळाच्या दोन बादल्या ठेवा, सगळ्यांना हात धुवायला लावा आणि काला पूर्वीसारखाच होऊ द्या. लाह्या-पोहे घरोघरून मूठमूठ आणा, एका दुकानातून पोतं आणू नका.

पैसे आणि कागद

गावाचं देवस्थान नोंदणीकृत न्यास नसेल तर वर्गणीआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१-सी प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. पोलीस ठाण्याकडून ध्वनिक्षेपकाची परवानगी आणि महावितरणकडून तात्पुरती जोडणी, दोन्ही पंधरा दिवस आधी. आकडा टाकून घेतलेल्या विजेवर रामकृष्णहरी म्हणू नये. शिवाय ओल्या मंडपात त्या तारेने माणूस जातो.

वर्गणी घरटी सारखी लावू नका. किमान आकडा फार कमी ठेवा आणि त्याच्यावर ज्याला जमेल ते. पैसे नसतील त्या घराने धान्य किंवा एक पहारा दिला तरी पावती तीच, त्याच जाडीच्या अक्षरात. देणाऱ्यांची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने लावायची खोड असते. अकारविल्हे लावा.

सप्ताह उठल्यावर भांडी मोजून परत करा, मंडपाची जागा झाडा. गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडायचे, आपल्याला निदान नंतर झाडता यावं. दहा दिवसांच्या आत जमा-खर्च देवळाच्या भिंतीवर लावा, पावत्यांच्या नक्कलांसह. शिल्लक रक्कम पुढच्या वर्षासाठी बँकेतच ठेवा, कोणाच्या घरी नाही. पहाऱ्याची वहीही जपून ठेवा आणि तिच्यात कोणते पहारे कोण न आल्याने राखीव माणसांनी काढले, ते लाल शाईने लिहा. पुढच्या बैठकीत यादी त्या लाल ओळींपासून सुरू करायची.